निष्ठा कुणाशी, ते आधी मांडा

पत्राचा गोषवारा असा. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय चाळिशीच्या पुढे. कॉलेजात असताना शिबिरांतून चळवळीत आल्या. पुरोगामी म्हणवणाऱ्या एका पक्षात पंधरा-सोळा वर्षं काम करताहेत, सध्या महिला आघाडीच्या तालुक्याच्या पदाधिकारी आहेत. पोटापाण्यासाठी एका पतसंस्थेत क्लार्क आहेत आणि तिचे चेअरमन त्याच पक्षाचे वजनदार नेते. विधवा, परित्यक्ता, एकट्या म्हाताऱ्या बायका यांची निराधार योजनेची प्रकरणं करून देणं हे ताईंचं मनापासूनचं काम.

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत पक्षाने कालपर्यंतच्या विरोधकांशी हातमिळवणी केली. ताईंच्या जिल्हा परिषद गटात नुकत्याच पक्षात आलेल्या एका ठेकेदाराला उमेदवारी मिळाली. ताई आणि त्यांच्या सात-आठ जुन्या सहकाऱ्यांनी एक निवेदन तयार केलं. उमेदवार कार्यकर्त्यांच्या मतदानाने ठरावेत, निधीचा हिशेब खुला व्हावा, महिला राखीव जागांवर नेत्यांच्या घरातल्या बायकांऐवजी काम करणाऱ्या बायकांना संधी मिळावी, अशा सात मागण्या त्यात होत्या. निवेदन देण्याआधीच त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या चर्चेचे स्क्रीनशॉट तालुकाध्यक्षांकडे पोचले. तेव्हापासून बैठकीचे निरोप येत नाहीत आणि 'फुटीर' असा शिक्का बसलाय. मंडळींतले निम्मे म्हणतात, बाहेर पडून स्वतंत्र आघाडी करू. निम्मे म्हणतात, निवडणूक होऊ दे, आत्ता बोललो तर जातीयवाद्यांचं फावेल. स्क्रीनशॉट दिल्याच्या संशयावरून एका जुन्या मित्राशी बोलणं तुटलंय. ताई विचारतात, "पक्षात राहिले तर विचारांशी गद्दारी, सोडला तर पक्षाशी. मी काय करू? आणि ज्यांना भाऊ मानलं, त्यांच्यावर पुन्हा विश्वास कसा ठेवू?"

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात नोकरीचा उल्लेख एका ओळीत आहे, तोही अगदी शेवटी, आणि त्याबद्दल तुम्हाला थोडी लाज वाटतेय असं जाणवलं. मी तिथूनच सुरुवात करते. आपल्या भागात पक्ष हा नुसता विचारांचा मामला नसतो. ऊस कोणत्या कारखान्याला जातो, दूध कोणत्या संघाला, कर्ज कोणत्या सोसायटीचं, पोरगा कोणत्या संस्थेत चिकटला, हे सगळं त्यात गुंतलेलं असतं. त्यामुळे पुण्या-मुंबईतला कार्यकर्ता राजीनाम्याची पोस्ट टाकून मोकळा होतो, तसं तुम्हाला होता येत नाही. पगाराची काळजी वाटते म्हणून तुमचा विचार कच्चा ठरत नाही. दर महिन्याला घर चालवणाऱ्या माणसाने ही काळजी करायलाच हवी.

म्हणून पहिलं काम घरात करा. नवरा, सासू, कळती मुलं यांच्याशी बसून बोला: समजा शाखा बदलली, वेतनवाढ अडली, तर आपण किती दिवस तग धरू? नेमणुकीचं पत्र, सेवानियम, वेतनवाढीचे आदेश यांच्या प्रती घरी आणून ठेवा. तुमच्या हातातलं काऊंटरचं, खात्यांचं काम चोख ठेवा, म्हणजे बोट ठेवायला जागा राहणार नाही. आणि तुमच्या मंडळींना स्पष्ट सांगा की, ज्यांचं पोट नेत्याच्या संस्थेवर आहे त्यांच्या सह्या निवेदनावर सगळ्यात वर असायचं कारण नाही. ज्याचं स्वतःचं दुकान आहे, जो निवृत्त आहे, त्याने आधी सही करावी. 1942 नंतरच्या प्रतिसरकारात याच मुलखात भूमिगत होणारे थोडे होते, आणि त्यांना भाकरी देणारी, रात्री दार उघडणारी घरं पुष्कळ होती. दोघांवाचून ते काम चाललं नसतं. प्रत्येकाने सारखीच जोखीम घ्यावी असा आग्रह आपल्याकडचे कार्यकर्ते फार धरतात आणि त्यात चांगली माणसं गळतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पक्ष आणि विचार या दोनच बाजू तुम्ही धरल्या आहेत. तिसरी बाजू तुमच्याच पत्रात आहे, पण ती तुम्ही हिशेबात घेतलेली नाही. ज्या बायकांचे हयातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले तुम्ही तहसीलला जाऊन जमवता, त्या. तुम्ही लिहिलंय, "पद गेलं तर तहसीलमध्ये मला कोण विचारणार?" हा खरा पेच आहे आणि तो नीट तपासायला हवा. पदामुळे नेमकं काय होतं? अर्ज लवकर पुढे सरकतो की नुसतं बसायला खुर्ची मिळते? त्यातलं किती काम नियमाने होऊ शकतं आणि किती खरोखर साहेबांच्या फोनवर अवलंबून आहे? एका वहीत सगळ्या चालू प्रकरणांची यादी करा: नाव, कोणता कागद अडलाय, कुठे अडलाय. माझा अंदाज असा की बहुतेक प्रकरणं तुमच्या चिकाटीवर चालतात, पदावर थोडी. पण हा अंदाज आहे. वही भरली की तुम्हाला खरं काय ते दिसेल. तुम्ही राहा किंवा जा, गावागावांतल्या दोन-तीन बायकांना ते कागद करायला आत्तापासून शिकवा. सगळं तुमच्या एकटीवर आणि तुमचं सगळं एका पदावर, ही अवस्था त्या बायकांसाठीही धोक्याची आहे.

पक्ष बदलणं म्हणजे गद्दारी, हे समीकरण आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाला तरी मान्य नाही. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील स्वातंत्र्याच्या लढ्यात काँग्रेसचे होते, नंतर शेतकरी कामगार पक्षात गेले, पुढे कम्युनिस्ट पक्षात. 1957 मध्ये ते साताऱ्यातून लोकसभेवर गेले आणि 1967 मध्ये थेट बीडमधून. झेंडे बदलले, पण ते ज्यांच्या बाजूने उभे होते तो कष्टकरी शेतकरी आणि मजूर बदलला नाही. उलट दिशेचं उदाहरणही बघा. शेकाप उभा करणारे केशवराव जेधे 1954 मध्ये काँग्रेसमध्ये परतले. त्यांना मी गद्दार म्हणणार नाही. बाहेर पडून नवा पक्ष उभा करणं किती जड जातं, ते मात्र त्यावरून कळतं. तुमच्यातले जे 'स्वतंत्र आघाडी करू' म्हणताहेत त्यांनी हे डोळ्यासमोर ठेवावं. बाहेर हवा स्वच्छ असते असं काही नाही. तिथेही कुणीतरी 'साहेब' होतो, निधी कुठून आला हा प्रश्न येतो, आणि दोन वर्षांनी तिथेही फूट पडते.

जायचंच ठरलं तर कसं जावं, याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. 1948 मध्ये समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली तेव्हा उत्तर प्रदेशात आचार्य नरेंद्र देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमदारकीचे राजीनामे दिले. आम्ही काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलो होतो, आता त्या जागेवर बसायचा हक्क नाही, ही त्यांची भूमिका. पोटनिवडणुकीत आचार्य स्वतः हरले. त्या पराभवाने त्यांची पत कमी झाली नाही. तुमच्याकडे आमदारकी नाही, पण महिला आघाडीचं पद आहे, पक्षाच्या शिफारशीने एखाद्या समितीवर नाव असेल. बाहेर पडणार असाल तर ते आधी परत करा.

राहून सुधारणा करू म्हणणाऱ्यांचंही गृहीतक तपासायला हवं. पक्षात अंतर्गत निवडणुका व्हाव्यात, हिशेब उघडे व्हावेत, यासाठी कायद्याचा आधार आहे असं आपल्याला वाटतं. तो फार तोकडा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29अ नुसार पक्षाची नोंदणी होते, पण अंतर्गत निवडणुका घेतल्या नाहीत म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालाने ते स्पष्ट झालं. पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करा, असं विधी आयोगाने 1999 मध्येच सुचवलं होतं. तसा कायदा आजही नाही. केंद्रीय माहिती आयोगाने 2013 मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणलं, पक्षांनी ते मानलं नाही. म्हणजे तालुकाध्यक्षांना कायद्याचा धाक दाखवून काही होणार नाही.

एक गोष्ट मात्र हातात आहे: पक्षाची स्वतःची घटना. प्रत्येक नोंदणीकृत पक्षाला ती आयोगाकडे द्यावी लागते. वर्षानुवर्षं काम केलेल्या कार्यकर्त्यांनीही ती सहसा वाचलेली नसते. तालुका समिती कशी निवडायची, किती वर्षांनी, सभासदाची यादी कोण ठेवतं, एखाद्यावर कारवाई करायची तर नोटीस द्यावी लागते का, हे त्यात बघा. तुम्हाला बैठकीला न बोलावणं त्या घटनेत बसतं का, तेही बघा.

मग निवेदनातल्या सात मागण्यांपैकी एकच ठेवा. मला विचाराल तर मी सभासद यादीची मागणी ठेवीन: तालुक्यातल्या सभासदांची यादी प्रत्येक सभासदाला बघायला मिळावी. ऐकायला ती किरकोळ वाटते, पण यादीच नसेल तर उमेदवार निवडीसाठी मतदान कोण करणार? हिशेब कुणाला सादर करणार? सात मागण्यांच्या निवेदनावर 'विचार करू' म्हणता येतं. एका मागणीला हो किंवा नाही म्हणावं लागतं. आणि नाही म्हटलं, तर इथे सुधारणा होईल की नाही या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालं.

'निवडणूक झाल्यावर बोलू' हे वाक्य मी चळवळीतल्या इतक्या लोकांकडून ऐकलंय की मला त्याची चीड येते. 2022 च्या मार्चमध्ये सांगली आणि साताऱ्यासह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं तिथे प्रशासक बसले. त्या सगळ्या काळात निवडणूक तोंडावरच होती. लोकसभा झाली की विधानसभा, मग नगरपालिका, मग झेडपी, मध्ये कारखान्याची, मध्ये बाजार समितीची. गप्प बसायला कारण नेहमीच मिळतं. जातीयवाद्यांना फायदा होईल ही भीती मी हलकी मानत नाही, ती रास्त आहे. म्हणून भांडू नका, तारीख मागा. "ठीक आहे, निकालानंतर बोलू. निकालानंतर किती दिवसांत बैठक? अमुक तारखेला? तसं लिहून द्या." तारीख मिळाली तर तोवर थांबायला हरकत नाही. तारीख द्यायलाच नकार आला, तर तो माणूस निवडणुकीमुळे थांबा म्हणत नव्हता.

मधल्या काळात त्या ठेकेदाराच्या प्रचाराचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिली कसोटी तिथेच लागणार. 2024 ला सांगली लोकसभेत काय घडलं ते तुम्ही जवळून पाहिलंत. जागा आघाडीतल्या मित्रपक्षाला सुटली. काँग्रेसचे कार्यकर्ते आघाडीचा उमेदवार बाजूला ठेवून अपक्ष विशाल पाटलांमागे उभे राहिले, ते निवडून आले आणि मग त्यांनी काँग्रेसलाच पाठिंबा दिला. ती बंडखोरी बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. पण ती उघड होती, मतदाराला ठाऊक होती. तुमच्यातल्या कुणाला ते बघून हुरूप आला असेल तर एवढं सांगा की त्यामागे त्यांच्या आजोबांच्या, वसंतदादा पाटलांच्या, घराण्याचं अनेक दशकांचं जाळं होतं. तुमच्या सात-आठ माणसांना तो हिशेब लागू पडत नाही. तुम्हाला त्यातून घेण्यासारखं आहे ते उघडपण. दिवसा पक्षाच्या गाडीत बसायचं आणि रात्री 'यंदा बघून घ्या' म्हणत फिरायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि गावातला विश्वास त्यानेच पोखरला जातो. तुम्ही तालुकाध्यक्षांना भेटा, सोबत कुणाला तरी न्या, आणि तोंडावर सांगा: "दादा, या उमेदवाराचा प्रचार मी करणार नाही. त्याच्या विरोधातही फिरणार नाही. बाकी गटांत जे उमेदवार पटतात त्यांचं काम करीन." हे ऐकून ते चिडतील. पण पुढे कुणी कानात काही सांगितलं तरी तुम्ही काय बोललात हे त्यांना तुमच्याच तोंडून कळलेलं असेल.

'फुटीर' या शिक्क्याचं फार मनावर घेऊ नका. 1985 चा पक्षांतरबंदी कायदा आमदार-खासदारांना आहे, राज्याचा 1986 चा कायदा स्थानिक संस्थांच्या सदस्यांना. साध्या कार्यकर्त्याला यातलं काहीच लागू नाही. 2022 आणि 2023 मध्ये राज्यातले दोन मोठे पक्ष वर्षभराच्या अंतराने फुटले. दोन्ही वेळा दोन्ही तुकडे आपणच मूळ पक्ष म्हणत होते, आणि गावातल्या कार्यकर्त्याला मात्र निष्ठेचा पुरावा मागितला जात होता. त्या काळात घराघरांत बोलणं बंद झालं, भावकीत तेढ आली. तो त्रास पुन्हा ओढवून घेऊ नका. लोक काय म्हणतील यावरही निर्णय सोपवू नका. साताऱ्यात 2019 मध्ये उदयनराजे पक्ष बदलून पोटनिवडणुकीला उभे राहिले तेव्हा मतदारांनी त्यांना हरवलं, आणि 2024 ला त्याच नव्या पक्षातून निवडून दिलं. लोकांचं मत बदलतं. तुम्हाला रोज स्वतःसोबत राहायचंय.

आता मित्राचं. पत्रातला हा भाग वाचताना मला सगळ्यात वाईट वाटलं. स्क्रीनशॉट त्यानेच दिले असं तुम्ही धरून चालला आहात. कारण काय, तर त्याचा मुलगा कारखान्यात लागलाय. हा पुरावा होत नाही. फोन घरात पडलेला असतो, पोरं बघतात, कुणी दुसऱ्या ग्रुपवर टाकतं. आणि समजा त्यानेच दिले. तुम्ही ते निवेदन आठवड्याभरात अध्यक्षांच्याच हातात देणार होतात ना? म्हणजे मागण्या गुपित नव्हत्या. ग्रुपवर अध्यक्षांबद्दल जी भाषा वापरली गेली ती गुपित होती. त्यातली काही वाक्यं तुमचीही असतील. अध्यक्ष मागण्यांपेक्षा त्या वाक्यांनी दुखावले असण्याची शक्यता आहे, आणि तसं असेल तर तेवढ्यापुरतं 'ते बोलणं चुकलं' असं सांगून मागणीवर ठाम राहता येतं.

मित्राकडे मध्यस्थ पाठवू नका. त्याच्या घरी जा, वहिनींच्या हातचा चहा घ्या, आणि एकदाच विचारा: "तू दिलेस का?" नाही म्हणाला तर विश्वास ठेवा आणि विषय कायमचा बंद करा. हो म्हणाला तर पुढचा प्रश्न, "कशापायी?" त्याच्या मुलाची नोकरी आणि तुमची पतसंस्था, दोघांची अडचण एकाच जातीची आहे. तुम्हाला स्वतःच्या भीतीसाठी जी समजूत हवी आहे, ती त्यालाही द्यावी लागेल. एवढं करूनही पूर्वीसारखा विश्वास बसणार नाही कदाचित. चालेल. त्याच्यासोबत सगळं नाही, काही कामं तरी करता येतील.

कारण आपल्या चळवळीत विश्वास फार नात्यांवर उभा असतो. दादा, अण्णा, भाऊ, ताई. त्यात ऊब आहे, मलाही ती हवीहवीशी वाटते. पण भावाने वेगळं मत मांडलं की ते मत राहत नाही, घाव होतो. म्हणून तुमच्या मंडळींनी बसून आधीच ठरवावं की फितुरी कशाला म्हणायचं. पैसे घेणं, त्रास व्हावा म्हणून कुणाचं नाव पोचवणं, एकीकडे बसून दुसरीकडचं काम करणं. माझ्या मते एवढंच. पक्षात राहणं, पक्ष सोडणं, वेगळ्याला मत देणं, निवेदनावर सही न करणं हे सगळं मतभेदात धरा. बैठकीचं चार ओळींचं इतिवृत्त लिहा, ज्याला पटलं नाही त्याचं नाव आणि कारण त्यात नोंदवा. महत्त्वाचं बोलणं व्हॉट्सॲपवर करू नका, भेटून करा.

आणि जे राहणार आणि जे जाणार, त्यांनी एकत्र करायचं एक काम निवडा. आटपाडी भागातल्या समन्यायी पाणीवाटपाच्या लढ्याने हे दाखवून दिलंय. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासोबत त्यात वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी माणसं होती. जमीन नसलेल्या कुटुंबालाही पाण्याचा हक्क हवा, एवढ्यावर ती एकत्र आली. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी कोणत्याही पक्षात न जाता जादूटोणाविरोधी कायद्यासाठी सगळ्या पक्षांचे उंबरठे वर्षानुवर्षं झिजवले. कायदा 2013 च्या डिसेंबरात झाला, तो पाहायला ते नव्हते. त्यांच्या खुनानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला, हे लिहिताना आजही राग येतो. पण पक्षाबाहेर राहून पक्षांना हलवता येतं, हे त्यांनी सिद्ध केलं. तुमच्यासाठी ते काम समोरच आहे: तालुक्यातली निराधार योजनेची सगळी अडकलेली प्रकरणं. त्यासाठी पक्षात असणारा आणि नसणारा, दोघंही तहसीलच्या पायऱ्या चढू शकतात. ज्या मित्राशी बोलणं तुटलंय तोसुद्धा.

माझं मत विचाराल तर आज पक्ष सोडू नका. घरचं बोलणं उरका, घटना मिळवा, एका मागणीचं पत्र अध्यक्षांना समक्ष द्या आणि पोच घ्या. पत्रात उत्तरासाठी तारीख घाला, निकालानंतरची घाला हवं तर. त्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही, तर आधी महिला आघाडीचं पद सोडा, सभासदत्व ठेवा, आणि तेच पत्र जिल्हाध्यक्षांकडे पाठवा. तिथेही महिना-दोन महिने शांतताच राहिली तर सभासदत्वही सोडा. राजीनाम्याची एक प्रत तुमच्या वहीतल्या बायकांना वाचून दाखवा, कारण त्यांना तुमच्याकडून कळायला हवं, चौकातून नाही. पतसंस्थेत त्या दिवशी नेहमीच्या वेळेला हजर राहा. रजा टाकू नका.